‘हो’ कोण म्हणतंय?

सदर : घरातलं आयटी खातं



गेल्या महिन्यात राऊटरच्या पासवर्डबद्दल लिहिलं, त्यावर दोघातिघांनी कळवलं, ‘ताई, मुद्दा पटला, पण शब्दांचा गोंधळ होतो. फायरवॉल, एन्क्रिप्शन, ऑथेंटिकेशन, मालवेअर, सगळं एकाच डब्यातलं वाटतं. एकदा वेगवेगळं करून सांगा.’ म्हणून या वेळी तक्ता करायचा ठरवला होता. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. अर्धा झालाही होता. तेवढ्यात आमच्या काकांचं प्रकरण घडलं आणि तक्ता राहिला तो राहिलाच. आता काकांची परवानगी घेऊन तेच सांगते. शब्द त्यातच येतील.

माझे काका ७४ वर्षांचे. रेल्वेतून निवृत्त. दांडिया बाजारातल्या जुन्या घरात ते आणि काकू दोघंच असतात, मुलगा पुण्याला. व्यवहाराला इतके चोख की वाण्याच्या बिलात दोन रुपये जास्त लागले तरी परत जातील, आणि दोन रुपये कमी लागले तरी परत जातील. हे मुद्दाम सांगतेय. कुणी फसलं की आपण ‘लक्ष नसेल’, ‘वय झालंय’ म्हणून मोकळे होतो. काका फसले ते निष्काळजी होते म्हणून नव्हे, चोख होते म्हणून.

त्यांना व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. पाठवणारे त्यांच्याच बरोबर नोकरी केलेले गृहस्थ. नंबर ओळखीचा, फोटो ओळखीचा. मजकूर एवढाच की तुमच्या वाहनाचं चलान भरायचं राहिलंय, तपासून घ्या. काकांची स्कूटर आहे आणि देणं राहिलेलं त्यांना खपत नाही. त्यांनी फाइलवर बोट ठेवलं. फोनने विचारलं, हे ॲप टाकू का? हो. एसएमएस वाचायची परवानगी देऊ का? हो. मग सरकारी दिसणारं एक पान उघडलं, पाचशे रुपये दंड, कार्डाने भरा. काकांनी कार्डाचा नंबर घातला, मुदत घातली, मागचे तीन आकडे घातले. ‘सर्व्हर व्यस्त आहे, नंतर प्रयत्न करा’ असं आलं. सरकारी साइट म्हटल्यावर यात संशय घेण्यासारखं काही वाटलं नाही, आणि काका जेवायला बसले.

रात्री दोनच्या सुमाराला तीन व्यवहारांत ४८ हजार रुपये गेले. तिन्ही वेळा बँकेने ओटीपी पाठवला होता. तो काकांच्याच फोनवर आला, काका झोपलेले होते, आणि त्या ‘चलाना’ने तो वाचून पुढे धाडला.

मला कळलं ते पाचव्या दिवशी. रविवारी मी शेव-उसळ घेऊन गेले होते. काका नेहमीसारखे बोलत नव्हते. काकू आत गेल्यावर हळूच म्हणाले, ‘अगं, एक जरा बघतेस का.’ चार दिवस त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलालाही नाही.

आता शब्द.

पहिली जोडी: ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन. उच्चार जवळचे, म्हणून गल्लत होते. ऑथेंटिकेशन म्हणजे ओळख पटवणं, तू कोण? ऑथरायझेशन म्हणजे मुभा, तुला काय करायची परवानगी आहे? आपल्याकडच्या लग्नघरात ही दोन्ही कामं चोख चालतात. दारात उभा असलेला मामा येणाऱ्याला ओळखतो आणि आत सोडतो. पण आत आलेल्या प्रत्येकाला कोठीची किल्ली मिळत नाही. लाडवांची कोठी एखाद्या खमक्या आत्याकडे असते, आणि नवऱ्या मुलाचा सख्खा भाऊ आला तरी ती विचारते, ‘किती हवेत? कशाला?’ कामापुरतीच मुभा द्यायची, त्याहून तिळभर जास्त नाही, हे आमच्या धंद्यातलंही मोठं तत्त्व आहे. मी एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळते. तिथे माझा निम्मा वेळ ही आत्या होण्यातच जातो.

चलान दाखवणाऱ्या ॲपला एसएमएस वाचायची गरज काय? काही नाही. टॉर्चच्या ॲपला तुमच्या फोनमधले नंबर कशाला हवेत? फोन विचारतो तो प्रश्न कोठीच्या किल्लीचा असतो. आपण मात्र तो पुढे जाण्यासाठी दाबायचं बटण समजतो.

आणि ओळखीच्या नंबराचं काय? तो नंबर खरा होता. फक्त त्या गृहस्थांनी ती फाइल पाठवलीच नव्हती. त्यांच्या फोनवर तेच ‘चलान’ आधी येऊन बसलं होतं, आणि त्यांच्या नावाने ओळखीच्या सगळ्यांना ते वाटलं जात होतं. त्यांना पत्ताही नव्हता. नंबरावरून फोन ओळखता येतो, त्यामागचा माणूस नाही.

अशा बाधक सॉफ्टवेअरला एकत्रित नाव मालवेअर. त्याच्या पोटजाती अनेक. चांगल्या वस्तूचं सोंग घेऊन येतो आणि आपल्याच हाताने आत घेतला जातो, तो ट्रोजन. कुणी काही न दाबता एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरतो, तो वर्म. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागतो, तो रॅन्समवेअर. काकांच्या फोनवरचा ट्रोजन होता. सोंग घेऊन माणसाकडून माहिती काढण्याच्या उद्योगाला फिशिंग म्हणतात. दंडाचं ते खोटं पान म्हणजे फिशिंग. ट्रोजन आणि फिशिंग हातात हात घालून आले होते.

माझ्या भाच्याने विचारलं, ‘मावशी, पण टू-फॅक्टर होतं ना? ओटीपी असूनही पैसे कसे गेले?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. दोन घटकांची ओळख म्हणजे एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असलेली, उदाहरणार्थ पासवर्ड, आणि दुसरी तुमच्याजवळ असलेली, उदाहरणार्थ फोन. (तिसरी म्हणजे तुम्ही स्वतः, बोटाचा ठसा वगैरे.) चोराला दोन्ही मिळवणं अवघड, हा त्यामागचा हिशेब. पण कार्डाची माहिती ज्या फोनवर टाइप केली, ओटीपीही त्याच फोनवर येतो, आणि त्याच फोनमध्ये चोर बसलाय. दाराला कुलपं दोन लावली, आणि दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला अडकवल्या. टू-फॅक्टर वाईट नाही. ते नसतं तर असे प्रकार कितीतरी जास्त झाले असते. फक्त त्यातली ‘दोन’ खरोखर दोन आहेत का, हे बघावं लागतं.

इथवरचं सगळं ‘येणारा कोण?’ या प्रश्नाबद्दल झालं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो याच्या उलटा प्रश्न: उत्तर देणारा कोण? हे समजायला काकांच्या फोनमधून बाहेर पडून एका मोठ्या गोष्टीकडे जाऊ.

पुण्याची कॉसमॉस बँक तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ठाऊक असेल. १९०६ मध्ये स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवारची दुपार. त्या दिवशी काही तासांत जगभरातल्या २८ देशांमधल्या एटीएममधून, सुमारे १२ हजार व्यवहारांत, साधारण ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही सुमारे अडीच कोटी निघाले, त्याचे व्यवहार २,८०० च्या वर. पुढे सोमवारी, १३ तारखेला, बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून, म्हणजे स्विफ्टमधून, १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्याकडे वळवले गेले. एकूण ९४ कोटींहून जास्त.

हे कसं झालं ते बघण्यासारखं आहे. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता तेव्हा ते यंत्र स्वतः काहीच ठरवत नाही. ते कार्डाच्या नेटवर्कमार्फत, म्हणजे व्हिसा किंवा रुपे यांच्यामार्फत, तुमच्या बँकेला विचारतं, ‘या कार्डावर दहा हजार मागतायत, देऊ का?’ बँकेच्या बाजूला हा प्रश्न घेणारी एक यंत्रणा असते, तिला स्विच म्हणतात. स्विच तो प्रश्न आत मुख्य प्रणालीकडे नेतो. तिथे शिल्लक बघितली जाते, पिन तपासला जातो, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ परत येतं.

चोरांनी मालवेअर वापरून मध्ये एक खोटा स्विच उभा केला. जगभरात त्यांची माणसं नकली कार्डं घेऊन एटीएमसमोर उभी होती. प्रश्न यायचा, ‘देऊ का?’ तो आतपर्यंत पोचायचाच नाही. खोटा स्विच मधल्यामध्ये उत्तर द्यायचा, ‘हो, दे.’ एटीएम पैसे मोजून द्यायचं. एटीएमचं काही चुकलं नाही, कार्डाच्या नेटवर्कचंही नाही. त्यांना ज्या जागेवरून उत्तर यायला हवं, त्याच जागेवरून उत्तर आलं होतं.

बँकेने तेव्हाच जाहीर केलं की ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, नुकसान बँकेचं आहे. त्याचं कारणही हेच. खातेदारांची खाती ज्या मुख्य प्रणालीत होती, तिला कुणी विचारलंच नव्हतं. पुढे २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाच्या अहवालात या चोरीचा उल्लेख उत्तर कोरियाशी जोडलेल्या सायबर हल्ल्यांमध्ये आला. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं.

पाठ्यपुस्तकात सुरक्षेचे तीन पाय सांगतात: गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता. माहिती नको त्याला दिसू नये, नको त्याने बदलू नये, आणि हवी तेव्हा मिळावी. आपलं सगळं लक्ष पहिल्या पायावर असतं. ‘डेटा चोरला’ हे वाक्य आपल्याला कळतं. कॉसमॉसमध्ये शेवटचा घाव अखंडतेवर होता. कुणाचं गुपित वाचलं म्हणून पैसे गेले नाहीत, उत्तर बदललं म्हणून गेले. मला विचाराल तर तीन पायांमध्ये हाच सर्वांत दुर्लक्षित आहे.

आता एन्क्रिप्शन. लहानपणी च-ची भाषा बोलला असाल. ‘काय करतेस’चं ‘चायक चरतेसक’. मोठ्यांना कळू नये म्हणून आम्ही बहिणी तासन् तास बोलायचो, आणि मोठ्यांना सगळं कळायचं, कारण तेही लहानपणी तेच बोलले होते. च-च्या भाषेत पद्धत हेच गुपित. पद्धत फुटली की सगळं उघडं. खऱ्या एन्क्रिप्शनमध्ये पद्धत सगळ्यांना ठाऊक असते, गुपित असते ती फक्त किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठा आकडा. ऑग्युस्त केर्कहॉफ्स नावाच्या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्येच मांडून ठेवलं होतं की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी किल्ली सुरक्षित असेल तोवर काही बिघडू नये. आज सर्वत्र वापरली जाणारी एईएस ही पद्धत २००१ मध्ये अमेरिकेत प्रमाण म्हणून छापून जाहीर केली गेली. कुणीही वाचावी. वाचून काही उपयोग नाही, किल्ली हवी.

इथे एक विषयांतर करते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ट्रंकेत मोडीतले जुने कागद आहेत. ‘आमच्याकडे गुप्त लिपीतले कागद आहेत’ असं एका मुलाने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. बाळा, मोडी गुप्त नाही. ती भरभर लिहायची लिपी आहे, आणि शिकलेल्या कुणालाही वाचता येते. संगणकाच्या भाषेत हे एन्कोडिंग झालं, एन्क्रिप्शन नव्हे. रूप बदललं म्हणजे लपवलं असं होत नाही. हा फरक नोकरीच्या मुलाखतीत हमखास विचारतात, आणि इंजिनीअर झालेली मुलंही चुकतात.

तिसरा प्रकार हॅशिंग. हे चक्कीसारखं. गहू घातले की पीठ मिळतं, पिठाचे परत गहू होत नाहीत. नीट चालवलेली कुठलीही साइट तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचं पीठ ठेवते. पुढच्या वेळी तुम्ही पासवर्ड दिलात की तो पुन्हा दळते आणि दोन पिठं जुळतात का बघते. पण दोघांचा पासवर्ड एकच असेल तर पीठही एकच निघेल, म्हणून दळताना प्रत्येकाच्या गव्हात वेगळी चिमूट टाकतात. त्या चिमटीला खरोखरच सॉल्ट म्हणतात, मी गंमत करत नाही. याचा व्यवहारात उपयोग असा: ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर जी साइट तुमचा जुनाच पासवर्ड ईमेलने पाठवते, तिथून निघा. तिने गहू तसेच ठेवलेत.

एन्क्रिप्शनबद्दलचा एक गैरसमज मात्र घरोघर आहे. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डाव्या बाजूला कुलूप दिसलं की साइट खरी, असं आपणच आपल्या आईबाबांना शिकवलं. ते अर्धवट होतं. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचं आणि त्या पत्त्याचं बोलणं मधल्या कुणाला वाचता येणार नाही, आणि पत्ता जो लिहिलाय तोच आहे. त्या पत्त्यावर राहणारा सज्जन आहे की नाही, हे कुलूप सांगत नाही. एका अक्षराचा फरक करून चोरानेही पत्ता विकत घेतला, तर त्यालाही तसंच कुलूप मिळतं, बहुतेक वेळा फुकट. लोक कुलपाचा अर्थ ‘विश्वासू’ असा घेतात हे लक्षात आल्यावर क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच बदललं. काकांना आलेली फाइलही व्हॉट्सॲपच्या एन्क्रिप्शनमधून आली. मधल्या कुणालाही ती वाचता आली नाही. चोराचा माल काकांपर्यंत अत्यंत सुरक्षितपणे पोचला.

फायरवॉल समजायला बडोद्याच्या मुलांना लांब जायला नको. जुन्या शहराला तट होता आणि चार दरवाजे: चांपानेर, पाणीगेट, लहरीपुरा, गेंडीगेट. मध्ये मांडवी. आत यायचं तर दरवाजातून, आणि दरवाजावर पहारा. नेटवर्कला असे हजारो दरवाजे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात आणि नावाऐवजी क्रमांक देतात. कुलूपवाल्या वेबसाइटींचा ४४३, जुन्या बिनकुलपी साइटींचा ८०. कुठला दरवाजा कोणासाठी उघडा, कुठला कायम बंद, हे नियम पाळणारा पहारेकरी म्हणजे फायरवॉल. घरच्या राऊटरमध्येही तो साध्या रूपात असतो. बाहेरून आपणहून आलेल्याला तो सहसा आत घेत नाही, पण आतून कुणी बाहेर निघालं तर अडवत नाही. नाहीतर तुम्हाला एकही व्हिडिओ बघता येणार नाही.

म्हणूनच काकांच्या बाबतीत पहारेकरी उभा असून उपयोग झाला नाही. तटावर कुणी चढलं नाही. आतून कडी काढली गेली, आणि मग जो आत बसला तो काकांच्याच दारातून उजळ माथ्याने ये-जा करत राहिला. ‘आमच्याकडे फायरवॉल आहे’ असं कारखान्यातले साहेब जेव्हा समाधानाने म्हणतात, तेव्हा मला हेच आठवतं.

अपडेटबद्दल दोनच वाक्यं. सॉफ्टवेअरमधल्या भोकाला लावलेलं ठिगळ म्हणजे पॅच, आणि १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर दीडशेच्या आसपास देशांत पसरला तेव्हा त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबणाऱ्यांसाठी एवढं पुरे.

परत काकांकडे येते. त्या रविवारी आम्ही आधी फोन विमान मोडवर टाकला, म्हणजे त्याचं बाहेरचं बोलणं थांबलं. माझ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड बंद केलं. नंबर कुठला, तर पासबुकावर छापलेला, गूगलवर शोधलेला नव्हे. तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग महत्त्वाचे फोटो बाजूला काढून फोन पूर्ण पुसला, आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले. क्रम महत्त्वाचा आहे. चोर बसलेल्या फोनवरच नवा पासवर्ड टाइप केला, तर तोही त्याला मिळतो.

४८ हजारांपैकी नऊ हजार वाटेत एका खात्यात गोठवता आले. बाकीचे केव्हाच पुढे गेले होते. अशा तक्रारीत पहिले तास सोन्याचे असतात. पैसे खात्याखात्यांतून उड्या मारत जातात, आणि लवकर कळवलं तर मधल्या एखाद्या खात्यात अडवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातही कळवायला किती दिवस लागले यावर ग्राहकाची जबाबदारी किती हे ठरवलेलं आहे. बँक किंवा ग्राहक दोघांचीही चूक नसेल तर तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्याला नुकसान सोसावं लागत नाही. आणि ग्राहकाची चूक असली, तरी त्याने कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. म्हणजे चूक आपली असतानाही लवकर सांगण्यात फायदाच आहे.

काकांनी चार दिवस का घालवले, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘काय सांगू? मागच्या वर्षी काकूने चुकून कुठलंसं ॲप टाकलं होतं, तेव्हा तुम्ही सगळे किती हसलात.’

हसणाऱ्यांत मी होते. काकूंचा तो स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर मीच टाकला होता. वीस वर्षं मी नेटवर्क सांभाळते, कारखान्यात नवीन मुलांना सांगते की चूक करणाऱ्याला ओरडू नका, नाहीतर पुढची चूक लपवली जाईल आणि लपवलेली चूक शोधायला महिने लागतात. घरी मात्र मला हे सुचलं नाही. चार दिवसांतला काही वाटा माझ्याकडे येतो, आणि मी तो कबूल करते.

तुम्ही या सदराचे बहुतेक वाचक विशीतले. घरातला फोन अडला की हाक तुम्हालाच येते, म्हणून तर सदराला हे नाव. या रविवारी आजी-आजोबांचा, काका-मामांचा फोन हातात घ्या आणि तीन गोष्टी बघा. व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजर यांना ‘अनोळखी ॲप टाकण्याची’ मुभा चालू असेल तर बंद करा. एसएमएस वाचायची परवानगी कुणाकुणाला आहे ती यादी उघडा, नको त्यांची काढा. आणि १९३० हा नंबर फोनमध्ये जतन करा, शिवाय कॅलेंडरवर पेनाने लिहा, कारण गरज पडेल तेव्हा फोनच बंद ठेवावा लागू शकतो. यूपीआय वापरत असतील तर एवढंच सांगा की पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. आणि काही विचित्र दिसलं तर, ‘काही विचित्र दिसलं ते दाखव’ असं म्हणा. ‘आता काय करून ठेवलंस’ असं म्हणू नका.

आमच्या घरी आणखी एक ठरवलंय. आजकाल आवाजाचीही नक्कल होते, म्हणून पैशाचा विषय निघाला की फोन करणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा. बँकवाला असो, पोलीस म्हणवणारा असो, की स्वतःचा मुलगा. बँक आपल्याला जन्मतारीख विचारते, आईचं माहेरचं नाव विचारते, आणि आपण मुकाट सांगतो. आपण तिला उलट काही विचारतो का? बाहेरच्यांसाठी प्रश्न नाहीच, ‘मी पासबुकावरच्या नंबरावर स्वतः फोन करतो’ म्हणून ठेवून द्यायचं. घरच्यांसाठी मात्र काकांनी स्वतः प्रश्न निवडलाय. जुन्या वाड्यातल्या एका गोष्टीबद्दल आहे, फेसबुकवर कुठेही नाही. काय ते इथे लिहिणार नाही, उघडच आहे.

गेल्या गुरुवारी माझा फोन चार्जिंगला होता म्हणून मी ऑफिसच्या लँडलाइनवरून काकांना फोन केला. ‘काका, त्या विजेच्या बिलाचे पैसे मी भरलेत, तुम्ही मला पाठवा,’ म्हटलं. ते म्हणाले, ‘आधी उत्तर सांग.’ मला ऐन वेळी आठवेना. मी अंदाजाने काहीतरी सांगितलं, ते चुकलं.

काकांनी फोन ठेवून दिला.